आखरावरचं घर

नगर पंचायतीकडून प्लॉट घेऊन मी घर बांधलं, त्याला आता काही वर्षं झाली. घर चांगलं आहे. स्लॅबचं आहे, पावसात गळत नाही, नळाला पाणी येतं. कुणी विचारलं की मी एवढंच सांगतो आणि विषय बदलतो. कारण या घराबद्दल जास्त बोलायला लागलो की माझं डोकं फिरतं, आणि ते कुणावर काढावं हेच कळत नाही. बायकोवर काढून झालं, नगर पंचायतीवर काढून झालं. राहता राहिलो मी.

मी एसटीत कंडक्टर. ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली, नागभीड, सगळीकडं फिरलो. 'पुढं सरका, मधात जागा आहे' हे वाक्य मी झोपेतही बोलतो असं बायको म्हणते. नोकरीत बदल्या होत गेल्या आणि आम्ही भाड्याच्या खोल्या बदलत गेलो. एका घरमालकिणीला आमच्या खिडकीतला रेडिओ चालायचा नाही, दुसऱ्याला आमच्या घरी शिजणारी सुकी मासोळी चालायची नाही. बायको म्हणायची, "अजी, मरायच्या आधी एक खिळा तरी आपल्या भिंतीत ठोकू द्या मले."

बाबा मात्र गावातच राहायचे, आमच्या जुन्या, पडायला आलेल्या कवेलूच्या घरात, एकटे. आई गेल्यावर मी त्यांना किती वेळा म्हटलं, चला माझ्याकडं. नाही म्हणजे नाही. भाड्याच्या खोलीत ते दोन दिवस राहायचे आणि तिसऱ्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभे. "इथी सकाळी उठून जावं कुठी?" असं विचारायचे. त्यांचं ते विचारणं तेव्हा मला विचित्र वाटायचं.

बाबा गावचे गायकी. म्हणजे गावातली सगळी ढोरं चारणारे. गावाच्या कडेला आमच्याकडं एक मोकळी जागा असते, तिला आखर म्हणतात. सकाळी घरोघरची दावी सुटली की गाई, बैल, म्हशी आपल्या पायांनी चालत आखरावर येऊन उभ्या राहायच्या. कुणाची गाय कुठं उभी राहणार तेही ठरलेलं. सगळी जमली की बाबा एक लांब हाळी द्यायचे आणि आख्खा कळप जंगलाच्या वाटेला लागायचा. संध्याकाळी परत आखरावरच यायचा आणि तिथून ज्याचं ढोर त्याच्या घरी. बाबांनी हे आयुष्यभर केलं. लहानपणी मी सोबत जायचो आणि मला त्या धुळीचा भयंकर कंटाळा यायचा.

आखराचा एक रिवाज होता. तिथल्या कुठल्याही गोष्टीबद्दल पहिला शब्द गायकीचा. मारकुट्या बैलाला कळपात घ्यायचं की नाही, दिवाळीच्या पाडव्याला गोधनाची पूजा किती वाजता करायची, कुणी तिथं धान वाळू घालावं की नाही, काहीही असो, आधी गायकी बोलणार, मग बाकीचे. गावातला सगळ्यात मोठा शेतकरीसुद्धा बाबांच्या आधी तोंड उघडायचा नाही. चार लोकांत एरवी जे बाबा जमिनीकडं बघत उभे राहायचे, त्यांच्या तोंडाकडं आखरावर सारं गाव बघायचं.

मग ट्रॅक्टर आले, बैल गेले. जंगलात वाघ वाढले, चराई बंद झाली. कळप निम्मा झाला, निम्म्याचा निम्मा झाला. बाबांचे गुडघे धरले तेव्हा गायकीची काठी हातात घ्यायला दुसरं कुणी पुढं आलं नाही. आखर रिकामं पडलं. वर्षातून एकदा, पाडव्याला, तेवढं भरायचं. शेणाचं गोधन घालायचं, त्यावर झेंडूची फुलं, आणि गेरूनं शिंगं रंगवलेल्या गाई त्यावरून पळवायच्या. पुढं बाबा. मग त्या तुडवलेल्या शेणाचा टिळा सारं गाव कपाळाला लावायचं, आणि तो लावायचा बाबांनीच.

अशात आमच्या गावाची नगर पंचायत झाली. नवी नवी नगर पंचायत, नवा साहेब, कामाचा दणका. त्यांनी दोन ठिकाणचे प्लॉट विकायला काढले. एक बसस्टँडच्या मागची पडीक जागा, आणि दुसरं आखर. रिक्षावर भोंगा लावून गावभर सांगत फिरले.

बायकोनं बसस्टँडमागचा प्लॉट लगेच पसंत केला. दवाखाना जवळ, बाजार जवळ, आणि माझी नुकतीच बदली झाली होती तो गावचा डेपो तर हाकेच्या अंतरावर. "अजी, यापेक्षा सोयीची जागा सपन्यात तरी येते का?" तिचं काहीच चुकत नव्हतं. मलाही खरं म्हणजे तोच प्लॉट बरा वाटत होता. आखर गावाबाहेर पडायचं, ड्युटीवरून उशिरा आलं की तेवढं चालत जाणं आलं. मला आखराचं काडीचं प्रेम नव्हतं. पण माझ्या डोक्यात एकच किडा शिरला. बाबा. भाड्याच्या खोलीत ते राहिले नाहीत, बसस्टँडमागं राहतील का? तिथं सकाळी उठून ते जातील कुठं? आणि आखरावर घर झालं तर? दार उघडलं की त्यांची जागा. जिथं उभं आयुष्य उन्हात काढलं तिथंच सावलीत खाटेवर बसतील. या वेळी नाही म्हणूच शकणार नाहीत.

मी बायकोला हे सांगितलं. ती तणतणली, दोन दिवस भाजीत मीठ जास्त पडलं, मग म्हणाली, "ठीक आहे. मामाजी येत असतील तर घ्या तिथीच."

बाबांना मात्र मी यातलं काही सांगितलं नाही. आमच्या घरात असं कुणी कुणाला सांगत नाही. 'बाबा, तुमच्यासाठी घेतो' असं बापाच्या तोंडावर बोलायचं म्हणजे माझी जीभच अडखळली असती. मी गेलो तेव्हा ते अंगणात बसून दावं वळत होते. ढोरं नव्हती, तरी दावी वळायचे.

"बाबा, आखरावरचे पलाट निघून राह्यले. मी एक घेतो म्हनतो."

त्यांचे हात थांबले. "आखरावरचा?"

"हाव."

"बसस्टँडाकडचेबी निघून राह्यले म्हनते न?"

"ते कोनाले पायजेत? मले हीच जागा आवडली."

त्यांनी दाव्याचा पीळ बोटांनी चाचपला. मग पुन्हा दावं वळायला लागले. "मंग घे," एवढंच म्हणाले. मी मनात म्हटलं, चला, खूश झाले. कंडक्टर माणूस मी, दिवसभर शेकडो तोंडं वाचतो. कुणाजवळ सुटे आहेत, कोण फुकट बसला आहे, तोंडावरून सांगतो. बापाचं तोंड मात्र मला वाचता आलं नाही.

विक्रीच्या आधी नगर पंचायतीत सभा झाली. कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. मी रजा टाकून गेलो होतो, कारण धाकधूक होतीच. हॉल भरला होता. बाबाही आले होते, दाराजवळ भिंतीला टेकून खाली बसले होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. साहेबानं आधी बसस्टँडमागच्या जागेचं विचारलं. तिथं ही आरडाओरड! कुणाचा रस्ता जात होता, कुणाची नाली. अर्धा तास कुणी कुणाचं ऐकेना. मग साहेब म्हणाला, "आता गुरांच्या आखराची जागा. कुणाची काही हरकत?"

आणि एकदम सामसूम. पंख्याचा तेवढा आवाज. बराच वेळ कुणीच बोललं नाही. साहेबानं पुन्हा विचारलं. पुन्हा कुणी नाही. "म्हणजे कुणाचीच हरकत नाही," तो म्हणाला आणि पुढच्या विषयाकडं वळला.

माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, वा, गाव किती समजूतदार आहे. ढोरं गेली, गायकीचं काम गेलं, आता त्या मोकळ्या जागेचं कुणाला काय पडलं आहे? तो रिवाजही ढोरांबरोबरच संपला असणार, असं मी धरून चाललो. म्हणजे खरं तर त्याचा विचारसुद्धा माझ्या मनात आला नाही. बाहेर आल्यावर मी अर्धा किलो पेढे घेतले आणि पहिला बाबांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो खाल्ला, दुसरा मागितला नाही.

लिलावात प्लॉट मला मिळाला. पायवा खोदायला माणसं लावली तर टिकास जमिनीत शिरेना. इतक्या पिढ्यांच्या खुरांनी ती माती तुडवून तुडवून दगड झाली होती. मिस्त्री कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "भाऊ, इथी पायवा कायले घालता? तशीच भिंत उभी करा न, शंभर वर्षं हालत नाई." सगळे हसले. बाबा बाजूला उकिडवे बसले होते, ते हसले नाहीत.

घर होईपर्यंत ते रोज यायचे. भिंतींवर पाणी मारायचं काम त्यांनी आपल्याकडं घेतलं. गुडघे दुखत असताना बादली उचलायचे. मी ओरडायचो, "बाबा, पाईप हाय न, बादली काऊन उचलता?" ऐकायचे नाहीत. बायको मला म्हणाली, "पाह्यलं का, किती हौसेनं करून राह्यले मामाजी." मलाही बरं वाटलं. आपण आयुष्यात एक काम तरी नीट केलं असं वाटलं.

वास्तू झाली आणि बाबा पिशवी घेऊन राहायला आले. या वेळी कुरकुर नाही, काही नाही. तिसरा दिवस गेला, आठवडा गेला, महिना गेला, ते गेले नाहीत. मी डेपोत सगळ्यांना सांगत सुटलो की म्हातारा शेवटी रमला.

सकाळी उजाडताच ते फाटकाशी जाऊन उभे राहायचे. गावात एक म्हातारा शेतकरी आहे, बाबांपेक्षा थोडा लहान, त्याच्याकडं अजून पाच-सहा गाई होत्या. त्याच्या गाई दावं सुटलं की सवयीनं इकडंच यायच्या. आल्या की समोर आमची कंपाउंडची भिंत. मग भिंतीला नाक लावून रस्त्यावर उभ्या. बाबा बाहेर जाऊन त्यांच्या गळ्याखाली खाजवायचे, काहीतरी बोलायचे आणि हाकलून द्यायचे. बायकोला फाटकासमोर शेण पडलेलं खपायचं नाही, तीही हळूहळू बोलायची थांबली. मी चहा पीत खिडकीतून बघायचो आणि म्हणायचो, बघ, बाबांचं आखर त्यांना परत मिळालं.

मग दिवाळी आली.

पाडव्याच्या सकाळी डफ वाजल्याचा आवाज आला म्हणून मी बाहेर आलो. पाहतो तर सारं गाव आमच्या फाटकासमोर. रंगवलेल्या शिंगांच्या गाई, गळ्यात झेंडूच्या माळा, बायकांच्या हातात आरत्या, पाटीत शेण. आणि कुणालाच कळत नव्हतं की पुढं जायचं कुठं. इकडं आमची भिंत, तिच्या शेजारी दुसऱ्याची, तिच्या शेजारी तिसऱ्याची. मधात डांबरी रस्ता.

बाबा आधीच नवं धोतर नेसून ओट्यावर बसलेले. तो म्हातारा शेतकरी पुढं आला. रागानं नाही, अगदी सहज त्यानं बाबांना विचारलं, "भाऊ, गोधन कुठी घालाचं? तुमी कोनती जागा पाहून ठेवली?"

बाबा उठले नाहीत.

"त्या दिवशी सभेत आमी सारे तुमच्याकडं पाहून राह्यलो होतो," म्हातारा म्हणाला. "तुमी काई बोलले नाई. आमी म्हनलं, भाऊची संमती दिसते. गोधनाची जागा त्यायनं कुठीतरी ठरवली असन. म्हनून आमी कोनीच बोललो नाई."

त्या हॉलमधली ती सामसूम! मी तिला समजूतदारपणा म्हणत होतो. अरे, ते सगळे थांबले होते. त्यांच्या मनात ढीगभर हरकती होत्या आणि ते बापड्यासारखे गायकीच्या पहिल्या शब्दाची वाट बघत बसले होते. साहेबाला काय माहीत असला रिवाज? त्याला हरकत म्हणजे हात वर करून ओरडणं ठाऊक. आणि ज्याला तो माहीत होता, त्या माझ्या टाळक्यात उजेड पडला नाही.

बाबा ओट्यावरून उतरले. फाटक उघडून रस्त्यावर गेले आणि गावासमोर त्यांनी हात जोडले. "जागा नाई पाह्यली मी," ते म्हणाले. "संमतीबी नोती माही. बोलाले पायजे होतो, नाई बोललो. चुकलं माहं. माफ करा मले."

डफ थांबला. मी माझ्या बापाला आयुष्यात कुणासमोर हात जोडताना पाहिलं नव्हतं. लोकांची ढोरं चारली, पण मान खाली घालायची वेळ त्यांच्यावर आखरावर तरी कधी आली नव्हती. मला रडू फुटेल असं झालं, आणि रडू आलं की मी ओरडतो, तसा ओरडलो. "आमच्या अंगनात घाला गोधन! या आत! सारे या!"

फाटक सताड उघडलं. पण अंगण कसलं, तीन वाव जागा, आणि तीही मी हौसेनं गुळगुळीत टाइल लावून घेतलेली. पहिल्याच गाईनं आत पाय टाकला तो घसरला. ती बावरून मागं फिरली आणि तिच्या मागच्या सगळ्या फिरल्या. मग त्या म्हाताऱ्यानंच बाबांचे जोडलेले हात धरून खाली केले. "राहू द्या भाऊ," म्हणाला. रस्त्यावरच गोधन घातलं. गाई कशाबशा त्यावरून नेल्या. मधातच एक मोटारसायकलवाला हॉर्न वाजवत घुसला, त्याच्याशी भांडण झालं. पुढं चालायचा मान बाबांचा होता, पण ते चालले नाहीत. कपाळाला टिळा त्या दिवशी ज्याचा त्यानं लावून घेतला.

संध्याकाळी आम्ही तिघं ओट्यावर बसलो होतो. दिवे लावले होते, पण कुणाच्याच तोंडात फराळ जात नव्हता. बायको दिवसभर माझ्याकडं अशी बघत होती की मी बसस्टँडमागच्या प्लॉटचं नाव तिनं घेण्याचीच वाट बघत होतो. ती दिव्यांच्या वाती सारत राहिली. शेवटी माझ्यानं राहवलं नाही.

"बाबा, सभेत तुमी बोलले काऊन नाई? एक शब्द बोलायचा होता. सारं गाव तुमच्या मागं उभं राह्यलं असतं."

"राह्यलं असतं," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग तू हा पलाट घेतला असता?"

"नसता घेतला."

"म्हनूनच नाई बोललो." ते अगदी शांतपणे म्हणाले. "मी उभ्या जन्मात तुले काई देलं नाई, बापू. ना शेत, ना घर. तुही नोकरी तुनं कमावली, बायको तुनं पाहून आनली. पहिल्यांदा तू मले म्हनला, ही जागा आवडली म्हनून. माह्याजवळ द्याले दुसरं काय होतं? गावात माहा एक शब्द होता. तो नाई बोललो. तेवढंच देलं तुले."

बायको एकदम पुढं सरकली. तिचे डोळे भरून आले होते. "पन मामाजी, यायनं तर ही जागा..."

मी तिचा हात दाबला. जोरात दाबला असणार, कारण ती कळवळली. आणि गप्प बसली. तिलाही कळलं. काय सांगणार होतो आम्ही त्यांना? की मला या जागेचं काही पडलं नव्हतं? की तुमच्यासाठीच घेतली होती, नाहीतर कधीच बसस्टँडमागं गेलो असतो? की तुम्ही जे दिलं ते कुणालाच नको होतं, आणि सारं आखर, सारं गाव, तुमचा एकुलता एक मान, सगळं फुकट गेलं?

बाबा माझ्याकडं बघत होते. या वयातही त्यांना माझ्याकडून काहीतरी ऐकायचं होतं, हे पहिल्यांदा मला त्यांच्या तोंडावर वाचता आलं.

"हाव बाबा," मी म्हणालो. "लय आवडली होती मले ही जागा. दुसरी कोनतीच नसती आवडली."

ते हसले. कितीतरी दिवसांनी इतके मोकळे हसले. "मले मालूम होतं," म्हणाले, आणि ताटलीतली एक करंजी उचलून खाऊ लागले.